मोक्ष, पुण्य, देव : तुमच्याकडे काय मानतात आणि शेवटी घरात काय करतात?

गोदाकाठ
आजच्या पेपरात श्रद्धांजलीच्या पानावर एक चौकट होती. 'देहदान केले आहे. दशक्रिया विधी होणार नाही.' तिच्या बरोबर खाली दुसऱ्या कुणाचा दहावा, रामकुंड, सकाळी साडेनऊ. दोन्ही चौकटी एकाच मापाच्या. जुना वाद डोक्यात परत सुरू झाला, म्हणून धागा.

पितृपंधरवडा तोंडावर आलाय, घरोघरी हे विषय निघणारच. देव आहे का, मोक्ष मिळतो का, देव न मानता माणूस सरळ वागू शकतो का, मतं लिहाच. पण त्या मतामुळे तुमच्याकडे प्रत्यक्ष काय करतात, काय लागतं, कुठे अडतं तेही लिहा. माझं म्हणणं एवढंच की माणूस मोक्षाबद्दल बोलतो काय ते सोडा, मागच्यांना काय करायला सांगून जातो ते बघा. विश्वास तिथे कळतो.

सुरुवात दहाव्यापासून. श्रद्धा अशी की गेलेल्या जीवाला शरीर नसतं, ते दहा पिंडांनी घडतं. पहिल्याने डोकं, दहाव्याने भूक-तहान. पूर्वी रोज एक पिंड, हल्ली सगळे दहाव्यालाच. भात मोकळा नको, पिंड फुटतो. जरा चिकट शिजवायचा, काळे तीळ, तूप, मध. स्मशानात मडक्याला ज्या दगडाने भोक पाडतात तो अश्मा, तो दहा दिवस जपायचा. आणि हरवतो नेमका तोच, कारण सावडायला गेलेल्यांपैकी कुणीतरी साधा खडा समजून फेकून देतं. डबीत घाला, डबीवर नाव लिहा. अकराव्याला एकोद्दिष्ट, म्हणजे फक्त गेलेल्या एकट्यासाठीचं श्राद्ध. बाराव्याला सपिंडी, म्हणजे प्रेताच्या पिंडाचे तीन भाग करून बाप, आजा, पणजा यांच्या पिंडांत मिसळायचे. इथे प्रेतपण संपतं, पितर होतो. या सगळ्यात मोक्ष कुठेच येत नाही बरं का. पितरांच्या रांगेत जागा मिळते, इतकंच.

तर्री_जास्त
आणि कावळा?? मुख्य पाहुणाच राहिला

कावळेकाका
कावळा न शिवण्याचं कारण दहातल्या नऊ वेळा माणसंच. पिंड ठेवला की सगळं गणगोत कोंडाळं करून उभं राहतं, मोबाईल वर. येईल कसा तो? पंधरा-वीस पावलं मागे सरा, गप्प उभे राहा. ऊन चढलं की कावळे सावलीला जातात, म्हणून सकाळची पहिली पाळी घ्या. घाटावर एका सकाळी बरेच दहावे असतात, उशिरा गेलात तर त्यांची पोटं भरलेली. शहरात काही भागांत कावळेच उरले नाहीत, तिथे तासभर थांबण्यात अर्थ नाही. दर्भाचा कावळा करून शिववायचा, तो शास्त्राला चालतो. गुरुजी सहसा आधी सांगत नाहीत, तुम्ही विचारा.

माझं मत विचाराल तर आत्मा कावळ्यात येतो हे मी मानत नाही. पण कावळा अडला की लोक मोठ्याने कबूल करतात ना, धाकटीचं लग्न करून देऊ, म्हातारीला सांभाळू, भावाचा वाटा देऊ. चारचौघांत, साक्षीने. अख्ख्या विधीतला नीतीचा भाग तेवढाच आणि तो खरा आहे.

शेवंता
काका भजी ठेवली की लगेच येतो, शपथा लागतच नाहीत

तर्री_जास्त
कांदाभजी की बटाटा? प्रेताची इच्छा कळायला नको का :)

फॉर्मॅलिनचा_वास
वरच्या पहिल्या चौकटीबद्दल लिहितो, कारण देहदानाची इच्छा सगळ्यांना असते आणि ऐन वेळी अर्ध्यांची फसते.

अर्ज जिवंतपणी मेडिकल कॉलेजच्या शरीररचनाशास्त्र विभागात भरायचा. दोन साक्षीदार, त्यातला एक जवळचा नातेवाईक असलेला बरा. पण खरी संमती मेल्यानंतरची. तुम्ही अर्ज भरलात आणि मुलगा नाही म्हणाला तर कॉलेज देह घेत नाही. अर्ज भरला नव्हता आणि घरचे तयार आहेत, तर बहुतेक ठिकाणी घेतात. इच्छापत्रात लिहून ठेवलंत तर ते दहन होऊन गेल्यावर उघडतं, उपयोग शून्य. घरातल्या ज्या माणसाच्या हातात त्या दिवशी फोन असणार त्याला सांगून ठेवा.

वेळ : सहा तासांच्या आत पोचलेलं उत्तम, उन्हाळ्यात तर नक्कीच. उशीर होणार असेल तर शवपेटीत बर्फावर किंवा शीतगृहात. कागद : डॉक्टरने दिलेला मृत्यूच्या कारणाचा दाखला, मयताचं आणि देणाऱ्याचं आधार. गाडी बऱ्याचदा तुम्हालाच करावी लागते, आधी फोन करून विचारा, सुट्टीच्या दिवशी कोण ड्यूटीवर आहे तेही.

नाकारतात कधी : पोलीस केस, पोस्टमार्टेम, एचआयव्ही, कावीळ ब किंवा क, क्षयरोग, सेप्सिस, गँगरीन, खोल बेडसोर, फार स्थूल शरीर. पोस्टमार्टेमला नाही का म्हणतात? देह टिकवायला मांडीच्या किंवा मानेच्या रोहिणीतून आठ-दहा लिटर फॉर्मॅलिनचं द्रावण सोडतात. रक्तवाहिन्या आधीच कापलेल्या असतील तर ते सगळीकडून गळतं, देह टिकत नाही. म्हणून पर्यायी बेत ठरवून ठेवा. कॉलेजने नाही म्हटलं तर दहन कुठे, कसं. हे न ठरवलेल्या घरात रात्री दोन वाजता धर्म, विज्ञान, काका, मामा सगळे एकदम भांडतात.

नेत्रदान करून देहदान चालतं. मेंदूमृत्यूनंतर किडनी, यकृत दिलं तर नंतर देह सहसा घेत नाहीत.

जुई
नेत्रदानाचं मी सांगते, पोळ्या लाटता लाटता. सहा तासांच्या आत. पंखा बंद (डोळे सुकतात), एसी असेल तर चालू. पापण्या मिटून वर ओला कापूस. डोक्याखाली उशी, साधारण सहा इंच उंच, म्हणजे नंतर रक्त येत नाही. जवळच्या नेत्रपेढीला फोन. ते घरी येतात, वीस मिनिटांचं काम, चेहरा विद्रूप होत नाही. मोतीबिंदू झालेला, चष्मा, मधुमेह, काही अडचण नाही. रेबीज, ल्युकेमिया, एचआयव्ही, कावीळ असेल तर नाही.
'पुढच्या जन्मी आंधळा होईल' म्हणणाऱ्या आजीशी शास्त्रार्थ करू नका. दधीचीने हाडं दिली ना, मग डोळे का नको, एवढं विचारा.

गोदाकाठ
दधीची :) लिहून ठेवते. पण देहदान केलं तर अस्थी नाहीत, मग पुढचं कसं? इथे कुणी भिक्षुकी करणारं आहे का?

पळसपान
आहे. अस्थी मिळत नाहीत हे बरोबर. देह सापडलाच नाही तर शास्त्रात पालाशविधी आहे. दर्भ आणि पळसाचे ३६० देठ यांचा पुतळा, डोक्याच्या जागी नारळ, मग त्याला दहन. पूर, समुद्र, लढाई यांत गेलेल्यांसाठी. देहदानाला तो लावावा का यावर आमच्यात एकमत नाही. माझं मत, लावू नये. देह हरवलेला नाही, दिलेला आहे. मी फक्त दहाव्यापासून पुढचं करतो. घरच्यांना तेही नको असेल तर वर्षश्राद्धाला शिधा द्या. शिधा द्यायचा तर पूर्ण द्या : तांदूळ, डाळ, कणीक, तूप, गूळ, भाजी, मीठ. मीठ विसरतात लोक.

आता मोक्षाचं. वर ताईंनी लिहिलंय ते खरं. 'धर्मसिंधु' (१७९०, पंढरपूरचे काशीनाथशास्त्री उपाध्ये) उघडा, अंत्येष्टी आणि श्राद्धावर पानंच्या पानं आहेत. सूतक कुणाला किती, पिंड कधी, कर्ता कोण. हा हिशोब पितरांचा आहे. मोक्ष ज्ञानाने, हे वेदान्ताचं म्हणणं, तिथे पिंड देऊन काही होत नाही. संन्याशाला दहाव्याचे पिंड आणि सपिंडी नाही ते याचसाठी. दोन वेगळी खाती आहेत, लोक एकात भरतात आणि दुसऱ्यातून काढायला जातात.

टाळकरी
माउली 🙏 आमच्याकडे तिसरंच. मोक्ष मिळतो, पण हवाय कुणाला! हरिपाठाच्या पहिल्याच अभंगात सांगून टाकलंय की देवाच्या दारात क्षणभर उभं राहिलं की चारी मुक्ती साधल्या. सलोकता, समीपता, सरूपता, सायुज्यता. क्षणात मिळते त्याची किंमत ती काय. तुकोबा तर सरळ सांगतात, मुक्ती नको, परत गर्भात घातलंस तरी चालेल, संतांची संगत दे. आणि पसायदानात बघा, स्वतःच्या मोक्षाचं नाव नाही. दुष्टांचं वाकडेपण जावो, इथून सुरुवात आहे.

पण म्हणून मोकळीक नाही हो. माळ घातली की मांस-दारू बंद, महिन्याला दोन एकादश्या (वर्षाच्या चोवीस, अधिक मास आला की सव्वीस), रोज हरिपाठ, परद्रव्य परस्त्री वर्ज्य, वर्षाची एक वारी तरी. माळ तुटली तर ओवून परत गळ्यात पडेपर्यंत अन्न नाही. म्हणून जाणता माळकरी खिशात दोरा ठेवतो. दोरा पक्का घ्या, साधा सुती घामाने कुजतो, मणी ऐन दिंडीत सांडतात.

शेवंता
चटणीभाकर खाऊन मोक्ष नाकारणारी मंडळी तुम्ही, थोर आहात

तर्री_जास्त
माळकरी दुकानदार वजनात मारतो त्याला कुठली मुक्ती? पाचवी?

टाळकरी
त्याला तुकोबांनीच इतकं झोडलंय की आम्ही वेगळं काय बोलणार. माळेने माणूस सुधारत नाही. सुधारायचं ठरवलेल्याला माळ रोज आठवण देते, एवढाच तिचा उपयोग.

कुंथलगिरीची_वाट
जैनांकडून लिहितो. जग निर्माण करणारा, पापं माफ करणारा देव आमच्यात नाही. तीर्थंकर वाट दाखवतात, हात धरून नेत नाहीत. कर्म स्वतःचं, फेडायचं स्वतः. त्यामुळे देव नसेल तर लोक बेबंद होतील हा प्रश्न आम्हाला पडतच नाही. देव नाही, आणि नियम मात्र रात्री पाणी प्यायचं की नाही इथपर्यंत.

सल्लेखना, श्वेतांबरांत संथारा, म्हणजे अन्न-पाणी हळूहळू सोडून मरणाला सामोरं जाणं. बाहेर याबद्दल फार गैरसमज. कुणीही उठून उपाशी बसायचं असं नसतं. कारण चारच : टळू न शकणारं संकट, दुष्काळ, धर्म पाळता येऊ नये इतकं म्हातारपण, बरा न होणारा आजार. गुरूंची परवानगी लागते. आधी सगळ्यांची क्षमा मागायची, देणं-घेणं, वैर मिटवायचं. मग उतरंड : प्रथम जड अन्न सुटतं, दूध-पेयावर, मग ताक-कांजी, मग फक्त गरम पाणी, शेवटी तेही बंद. शरीर एकदम तोडलं तर मन अस्वस्थ होतं आणि सगळं फुकट, म्हणून हळूहळू.

यातले पाच दोष सांगितलेत. जगण्याची ओढ, लवकर मरण यावं ही इच्छा, मित्र-आप्तांची आसक्ती, जुन्या सुखांच्या आठवणी, आणि याच्या बदल्यात पुढे अमुक मिळावं ही मागणी. दुसरा परत वाचा. मरण लवकर यावं वाटणं हाच दोष आहे. आत्महत्या आणि हे यातला फरक तिथे आहे.

आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ साली कुंथलगिरीला सल्लेखना घेतली, ३६ दिवस. दृष्टी गेली होती. समोरचा जीव दिसत नसेल तर चालताना हिंसा होणार, मग मुनीचं व्रत पाळायचं कसं, हे कारण.

निळी_शाई
कोर्टाचं काय झालं त्याचं?

कुंथलगिरीची_वाट
राजस्थान हायकोर्टाने ऑगस्ट २०१५ मध्ये आत्महत्येच्या कलमात बसवलं. त्याच महिन्यात ३१ तारखेला सुप्रीम कोर्टाची स्थगिती आली.

जुई
तरी मला पटत नाही दादा. घरातल्या म्हाताऱ्या बाईला 'नाही' म्हणायची मुभा असते का खरंच? एकदा जाहीर झालं, लोक दर्शनाला यायला लागले, मग तिला भूक लागली तर?

कुंथलगिरीची_वाट
प्रश्न रास्त आहे ताई. मन डळमळलं तर आधी धीर द्यावा असं आहे, पण जबरदस्ती धर्मात बसत नाही. गर्दी, पोस्टर, बँड हे सगळं नंतर चिकटलंय आणि ते बंद व्हायला हवं या मताचे आमच्यातही पुष्कळ आहेत.

निळी_शाई
आमच्याकडचं. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी ज्या २२ प्रतिज्ञा दिल्या त्यातली सहावीच आहे, श्राद्धपक्ष करणार नाही, पिंडदान करणार नाही. म्हणजे धाग्यातला अर्धा विषय आम्ही एका ओळीत संपवला :)

मग करतो काय? बौद्धाचार्य किंवा भंते येतात. त्रिशरण, पंचशील, मग जलदान विधी, पुण्यानुमोदन. भांड्यातलं पाणी दुसऱ्या भांड्यात सलग धारेने सोडायचं, तोंडाने पाली गाथा. धार तोडायची नाही, वाटी भरून वाहू द्यायची. खाली ताट ठेवा, नाहीतर सतरंजी भिजते आणि सगळं लक्ष तिकडे. मग त्या माणसाबद्दल दोन-तीन जण बोलतात, दान जाहीर होतं. शाळेला, वाचनालयाला, वसतिगृहाला. पाचव्या दिवशी करा, सातव्या करा, रविवार बघून करा, मुहूर्त नाही.

अडतं कुठे ते पण सांगतो. जुन्या चालीची माणसं मागच्या दाराने नैवेद्य ठेवतातच. आणि जेवणावळ. तेराव्याची जेवणावळ सोडली आणि पुण्यानुमोदनाची तेवढीच मोठी सुरू केली, मग काय कमावलं? चहा-बिस्कीट पुरे.

देव नाही, आत्मा नाही, तरी शील आहे. पंचशील ही कुणाची आज्ञा नाही, 'मी शिकण्यासाठी स्वीकारतो' अशी भाषा आहे. मोडलं तर वरचा कुणी रागावत नाही, परिणाम मात्र होतो.

तर्री_जास्त
मग मूळ प्रश्न. वरून कुणी बघतच नसेल तर कर कशाला भरायचा? (सिरीयसली विचारतोय)

फॉर्मॅलिनचा_वास
खाली आयकर खातं बघतंय म्हणून

पळसपान
गंमत सोडा, पूर्वमीमांसा घ्या. यज्ञावर सगळ्यात जास्त लिहिलं त्यांनीच आणि त्यांना ईश्वर लागत नाही. कर्म केलं की त्यातून 'अपूर्व' तयार होतं, तेच फळ देतं, मध्ये कुणी बसलेला नको. जुन्या सांख्यालाही निर्माता लागत नाही. म्हणजे देवाशिवाय कर्तव्य ही परदेशातून आलेली कल्पना नव्हे, आमच्याच पोथ्यांत आहे.

निर्मिकाचा_माणूस
आणि देव मानूनही मध्यस्थ नको म्हणणारे आम्ही. जोतीरावांनी २४ सप्टेंबर १८७३ ला पुण्यात सत्यशोधक समाज काढला तो यावरच. निर्मिक एक, त्याची सगळी लेकरं सारखी, बाप-लेकरांत दलाल कशाला? 'सार्वजनिक सत्यधर्म' त्यांच्या मागे १८९१ ला छापून आलं, त्यात लग्नापासून मरणापर्यंतचे विधी आहेत, भटजीशिवाय. मोक्षाची लालूच नाही, नरकाची भीती नाही, रोजच्या वागण्याचे नियम आहेत. स्वतःला दहन न करता मीठ घालून पुरावं ही त्यांची इच्छा होती, नगरपालिकेने परवानगी दिली नाही. अंत्ययात्रेत टिटवं (पुढे धरायचं मडकं) सावित्रीबाईंनी धरलं, १८९० साली. आज २०२० नंतरसुद्धा घरात मुलगी असताना चुलत्याच्या पोराला शोधत फिरतात लोक.

जुई
+१०० शेवटच्या वाक्याला

गोदाकाठ
रामकुंडावर आता मुली करतात हं. सगळे गुरुजी तयार नसतात, आधी विचारून ठरवावं लागतं.

अत्तरदाणी
मुस्लिम घरातली रीत थोडक्यात, दुकान उघडायचंय. गुस्ल (मयताला अंघोळ), कफन (पुरुषाला तीन कपडे, बाईला पाच), जनाज्याची नमाज. चार तकबीर ('अल्लाहु अकबर' म्हणणं), रुकू (वाकणं) नाही, सजदा (जमिनीला कपाळ टेकणं) नाही, सगळं उभ्याने. वस्तीतल्या काहींनी अदा केली तरी सगळ्यांची जबाबदारी सुटते, कुणीच नाही केली तर सगळे गुन्हेगार. दफन होईल तितक्या लवकर.

धाग्याला धरून सांगायचं तर कर्ज. नमाजेआधी जाहीर विचारतात, कुणाचं देणं असेल तर वारसांना सांगा. मयताच्या पैशातून क्रम ठरलेला : आधी दफनाचा खर्च, मग कर्ज, मग वसीयत (तीही मालमत्तेच्या एक तृतीयांशापर्यंतच), उरलेलं वारसांना. बायकोचा न दिलेला मेहर (निकाहात कबूल केलेली रक्कम) हेही कर्जच, हे मुलं विसरतात. बख्शायचं की नाही ते अल्लाहच्या हातात. पण माणसाचं बुडवलेलं त्या माणसानेच माफ करायचं असतं, नमाज-रोज्याने ते फिटत नाही. माझ्या हिशोबी याहून मोठी नीती नाही.

टाळकरी
वा चाचा. हे आमच्याकडे पण वाचून दाखवायला पाहिजे दहाव्याला.

वसईचा_पाव
आमचं तारण श्रद्धेने की कृत्याने यावर युरोपात शतकानुशतकं डोकी फुटली. ३१ ऑक्टोबर १९९९ ला कॅथलिक आणि लुथरन चर्चने आउग्सबुर्गला संयुक्त घोषणा केली : तारण देवाच्या कृपेने, सत्कृत्यं हे तिचं फळ. वसईत मात्र कुणी असं काटेकोर बोलत नाही. मिस्सा (चर्चमधली उपासना) सांगायचा, गरिबाला द्यायचं, बाकी देव बघेल.

कॅथलिक मानतात की बहुतेकांना थेट स्वर्ग नाही, आधी शुद्ध व्हावं लागतं, म्हणून मेलेल्यांसाठी प्रार्थना. महिन्याचा मिस्सा, वर्षाचा मिस्सा, २ नोव्हेंबरला कबरींवर फुलं-मेणबत्त्या. प्रोटेस्टंट हे मानत नाहीत, त्यांच्याकडे प्रार्थना मागे राहिलेल्यांसाठी. मिश्र लग्न असलेल्या घरात इथे गोंधळ होतो. दहनाला कॅथलिक चर्चची १९६३ पासून परवानगी आहे, पण २०१६ ला स्पष्ट सांगितलं, राख विखरायची नाही, घरात ठेवायची नाही, पवित्र जागीच ठेवायची. मुंबईकडे कबरींना जागा नाही, काही वर्षांनी तीच कबर परत उघडतात आणि हाडं भिंतीतल्या कप्प्यात. कप्पा कुठे मिळेल ते आधी पॅरिशमध्ये विचारून ठेवा.

उदगीरकर
लिंगायत. सूतक नाही, पिंड नाही, दहन नाही. बसवून समाधी, हातात इष्टलिंग, विभूती. देव गळ्यातच असतो, जायचं कुठे? संपलं.

शेवंता
सगळ्यात लहान उत्तर, सगळ्यात आवडलं. बरं ज्यांच्याकडे पितरांचं जेवण आहे त्यांना प्रश्न, उडदाचे वडे तेल पितात. का?

पळसपान
पाणी जास्त. डाळ चार तासच भिजवा, रात्रभर नको. निथळून अगदी कमी पाण्यात वाटा, मीठ ऐन तळायच्या वेळी घाला, आधी घातलं की पीठ सैल होतं.

जुई
तेल पण नीट तापलेलं हवं. आमसुलाच्या चटणीत गूळ थोडा जास्तच, जिरं, मिरची. पितरांचं आहे म्हणून बेचव करायची काही गरज नाही!

तर्री_जास्त
नास्तिकांना वडे चालतात का

निळी_शाई
वड्यांवर प्रतिज्ञा नाही :)

बांधावरचा
कोल्हापूर-सांगलीकडे आता बरेच जण रक्षा नदीत सोडत नाहीत, शेतात खड्डा करून वर झाड लावतात. विचार चांगला, पण झाड मरतं आणि मग लोक म्हणतात आत्म्याला शांती नाही. कारण साधं आहे. लाकडाची राख अल्कधर्मी. आपल्या काळ्या जमिनीचा सामू (पीएच) आधीच आठच्या आसपास, त्यात चार घमेली राख एका खड्ड्यात. लोह मिळत नाही, पानं पिवळी, क्षार मुळांना भाजतात. कोकणात जांभ्याच्या आम्ल मातीत तीच राख चालून जाते.

करायचं कसं : दोन बाय दोन बाय दोन फुटांचा खड्डा. राखेची ओंजळ-दोन ओंजळ, त्यात दोन घमेली शेणखत आणि खड्ड्यातली माती नीट कालवून. बाकी राख पूर्ण रानात पातळ पसरा, पाऊस पडू द्या. चिंच, कडुनिंब, करंज टिकतात. आंबा हौसेने लावतात, तो काळ्या चिकट रानात रुसतो. हाडांचे मोठे तुकडे वर ठेवू नका, कुत्री उकरतात.

गोदाकाठ
हे पाहिजे होतं. धन्यवाद दादा. विद्युतदाहिनीचं कुणी लिहा ना.

फॉर्मॅलिनचा_वास
पेसमेकर असेल तर आधी डॉक्टरकडून काढून घ्या, आतली बॅटरी भट्टीत फुटते. दाहिनीवाले विचारतातच, पण विचारलं नाही तरी तुम्ही सांगा. प्लॅस्टिकचे हार, काच, उशी, गादी काढा. तासा-दीड तासात होतं, अस्थी त्याच दिवशी मिळतात, तिसऱ्याची वाट नको. पिशवीवरचा नंबर पावतीशी ताडून घ्या. सावरकरांनी १९६६ ला विद्युतदाहिनीच सांगितली होती, पिंड-कावळा काही नको म्हणून.

तर्री_जास्त
झालं, आता ५०० प्रतिसाद

गोदाकाठ
राजकारण नको, उडवेन. पुढे.

काळा_कोट
जाण्याआधीचं कुणी लिहिलं नाही. व्हेंटिलेटर नको, कृत्रिम अन्न नको हे आगाऊ लिहून ठेवता येतं. सुप्रीम कोर्ट, मार्च २०१८, आणि जानेवारी २०२३ ला पद्धत सोपी केली. शुद्धीत असलेल्या सज्ञान माणसाने लिहायचं, दोन साक्षीदार, नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर. तुमच्या वतीने निर्णय कोण घेणार त्याचं नाव, एकापेक्षा जास्त नावं चालतात. पुढे रुग्णालयात डॉक्टरांची दोन मंडळं तपासतात, तेव्हा कुठे अमलात येतं. 'मला त्रास देऊ नका' असं मोघम लिहू नका, त्यावर मंडळ काही करू शकत नाही. कोणते उपचार, कोणत्या अवस्थेत, ते लिहा. एक प्रत नेहमीच्या डॉक्टरकडे.
आस्तिक-नास्तिक दोघांचा मसुदा एकच असतो. फरक एका ओळीचा, तोंडात गंगाजळ घालावं की नाही.

जुई
ती ओळ खरंच घालतात?

काळा_कोट
घालतात. आणि ती पाळली गेली नाही तर त्यावरूनच जास्त भांडतात.

शेवंता
वड्यांच्या पिठात आलं घालायचं का? डाळ भिजत टाकलीये

पळसपान
घाला. बारीक किसून, थोडंच.